उदासीन अणूंचा क्वांटम संगणक: सुरुवात आलेखाच्या वहीपासून

लॅपटॉप आत्ता बंदच राहू द्या. आलेखाची वही, टोकदार पेन्सिल, पट्टी आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर एवढं घेऊन बसा. उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेल्या, अणूंच्या क्वांटम संगणकात कोणता अणू कुठे ठेवायचा हे ठरवलं की निम्मा प्रोग्राम लिहून झालेला असतो, आणि ते काम कागदावर जसं नीट होतं तसं पडद्यावर होत नाही. रविवारी नाशिकच्या इंदिरानगरला माझ्याकडे इंजिनिअरिंगची काही मुलं-मुली येतात. जी थेट पायथनमध्ये शिरतात त्यांना उत्तर मिळतं, पण ते तसंच का आलं हे सांगता येत नाही. वहीपासून निघालेली मुलं नऊ अणूंची जाळी मांडतात आणि तिच्यातला मधला अणू कोणत्या परिस्थितीत उठणार नाही, म्हणजे लेझरने वरच्या पातळीत जाणार नाही, हेही आधीच सांगतात. म्हणून क्रम असा धरू: आधी यंत्र, मग अंतर, मग दोन अणू, मग रांग आणि शेवटी जाळी.

मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत व्हॅक्यूम चेंबरची गळती तपासण्याचं काम करते. हेलियमची बारीक नळी वेल्डच्या कडेकडेने फिरवायची आणि लीक डिटेक्टरचा आकडा हलतो का ते बघायचं, हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे यंत्राबद्दल सांगताना मी पेटीपासून सुरू करणार, आणि तिथे जरा रेंगाळणार.

पेटी, लेझर, चिमटे

आमच्याकडे येणाऱ्या व्हॅक्यूम भट्ट्यांना १० चा उणे ५ वा घात मिलिबार एवढा दाब पुरतो. अणूंच्या संगणकाला १० चा उणे ११ वा घात लागतो, म्हणजे आमच्यापेक्षा दहा लाख पट विरळ. तो नुसता पंप लावून मिळत नाही. स्टीलच्या आतल्या भिंतीवर चिकटलेलं पाणी दिवसेंदिवस सुटत राहतं, म्हणून सगळी पेटी दीडशे-दोनशे अंशांवर कित्येक दिवस भाजावी लागते. जोडावरची तांब्याची गॅस्केट एकदा दाबली की पुन्हा वापरायची नाही. आतल्या भागाला उघड्या बोटाचा ठसासुद्धा चालत नाही, कारण त्या तेलकट डागातून महिनोन् महिने वायू सुटतो. शेवटी आयन पंप लावायचा, कारण त्याच्यात हलणारा भाग नाही आणि कंपही नाही. हे सगळं सातपूर-अंबडच्या कारागिराला समजणारं काम आहे. क्वांटम संगणक म्हटलं की फक्त समीकरणं डोळ्यांपुढे येतात, पण या पेटीवर असंच हाताचं कसब लागतं. आपल्या भागातल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

एवढी विरळ जागा कशासाठी? आत भटकणारा हायड्रोजनचा एक रेणू जरी अणूवर आदळला तरी अणू सापळ्यातून उडून जातो. कॅलटेकच्या गटाने ६,१०० सीझियम अणूंची जाळी उभी केली, त्याचा शोधनिबंध २०२५ मध्ये आला. त्यात एक अणू सापळ्यात सरासरी सुमारे २३ मिनिटं टिकतो. ऐकायला भरपूर वाटतं. पण २३ मिनिटांचे १,३८० सेकंद, त्यांना ६,१०० ने भागा: साधारण दर पाव सेकंदाला कुठला ना कुठला अणू निसटतोय. अणूंची संख्या वाढवली की पेटीकडून अपेक्षाही त्याच पटीने वाढते. त्याच वर्षी हार्वर्डच्या गटाने निसटलेल्या अणूंच्या जागी नवे भरत राहून ३,००० क्यूबिटांची (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा माहितीचा एकक, इथे एकेक अणू) मांडणी दोन तासांहून अधिक वेळ चालू ठेवली.

पेटीत भरायचा धातू बहुतेक वेळा रुबिडियम असतो. तो ३९ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे नाशिकच्या मे महिन्यातल्या दुपारी टेबलावर ठेवलेल्या बंद नळीत पातळ व्हायच्या बेतात येईल. त्याची किंचित वाफ आत सोडतात. मग ७८० नॅनोमीटरचे लेझर सहा दिशांनी मारतात आणि भोवती चुंबकीय क्षेत्राची वेटोळी असतात. लेझरची वारंवारता अणूच्या वारंवारतेपेक्षा जराशी कमी ठेवतात. त्यामुळे अणू ज्या बाजूला धावतो त्याच बाजूचा प्रकाश त्याला जास्त लागतो आणि तो मंदावतो. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी होते; इथे अणू निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या काही दशलक्षांश भागांवर येऊन थांबतात. हा चुंबकीय-प्रकाशीय सापळा १९८७ मध्ये पहिल्यांदा दाखवला गेला, आणि लेझरने अणू गार करण्याच्या कामासाठी १९९७ चं नोबेल स्टीव्हन चू, क्लॉद कोहेन-तनुजी आणि विल्यम फिलिप्स यांना मिळालं.

“मॅडम, मग एवढं गार करायला फ्रीज केवढा लागतो?” हा प्रश्न दरवेळी येतो. फ्रीज लागतच नाही. अतिवाहक सर्किटांच्या संगणकाला मोठं शीतयंत्र लागतं, इथे मात्र पेटीच्या भिंती खोलीच्याच तापमानाला असतात. गार असतात ते फक्त अणू, कारण ते कशालाच टेकलेले नाहीत.

आता प्रकाशचिमटे. एक लेझर झोत भिंगातून साधारण एका मायक्रॉनच्या ठिपक्यावर एकवटला की अणू त्या ठिपक्यात अडकून राहतो. आर्थर अ‍ॅश्किन यांना या चिमट्यासाठी २०१८ चं नोबेल मिळालं. असे शेकडो ठिपके एकाच झोतातून पाडता येतात. एका ठिपक्यात दोन अणू आले तर प्रकाशात त्यांची टक्कर होऊन दोघंही निसटतात, म्हणून ठिपक्यात एकतर एक अणू उरतो किंवा शून्य. २००१ मध्ये फ्रान्समध्ये फिलिप ग्रांझिए यांच्या गटाने हे दाखवलं. याचा अर्थ निम्म्या जागा रिकाम्याच राहतात. वीस जागा आपोआप भरलेल्या मिळण्याची शक्यता काढा: दोनाचा विसावा घात, म्हणजे साडेदहा लाखांत एक. म्हणून आधी फोटो काढतात, कुठे अणू आहे ते बघतात आणि हलत्या चिमट्याने अणू उचलून रिकाम्या जागी नेऊन ठेवतात. २०१६ मध्ये हार्वर्डच्या गटाने हे एका रांगेत केलं आणि पॅरिसजवळच्या गटाने सपाट जाळीत. मला या सगळ्या इतिहासातला हा टप्पा सर्वांत मोठा वाटतो, कारण तिथून पुढे हवी तशी मांडणी करणं शक्य झालं.

अंतराचा सहावा घात

इथून वहीत काम. तळपातळीतले, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेतले, दोन रुबिडियम अणू पाच मायक्रॉनवर असले तर एकमेकांची दखलही घेत नाहीत. पण लेझरने अणूतला बाहेरचा इलेक्ट्रॉन फार वरच्या, समजा ७० व्या पातळीत नेला की अणू रिडबर्ग अवस्थेत जातो. त्याचा आकार पातळीच्या वर्गाने वाढतो, आणि दोन रिडबर्ग अणूंमधला परस्परप्रभाव पातळीच्या अकराव्या घाताने. रुबिडियमला तिथे नेण्यासाठी साधारणपणे ४२० आणि १,०१३ नॅनोमीटरचे दोन लेझर एकत्र वापरतात.

हा प्रभाव अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. ७०-एस पातळीसाठी भागाकारात वर येणारा स्थिरांक, ज्याला सी-६ म्हणतात, तो ८,६२,६९० आहे; अंतर मायक्रॉनमध्ये घातलं की उत्तर मेगाहर्ट्‌झमध्ये येतं. वहीत दोन रकाने आखा आणि स्वतः भागाकार करा. ५ मायक्रॉनला ५५.२ येईल, ६ ला १८.५, ८ ला ३.३, १० ला ०.८६, १२ ला ०.२९. पाचाचे दहा झाले की प्रभाव चौसष्टाव्या भागावर आला. हेच आकडे लॉग-लॉग आलेखावर टाका, सरळ रेघ मिळेल. ती रेघ टेबलासमोर चिकटवून ठेवा, पुढे प्रत्येक मांडणीला ती लागणार आहे.

दुसरा आकडा लेझरचा: तो अणूला किती वेगाने वर-खाली नेतो ती रॅबी वारंवारता. तिला ओमेगा म्हणू. आता विचार करा. एक अणू आधीच वर आहे. शेजारच्याला वर न्यायचं तर प्रभावाएवढी जास्तीची ऊर्जा लागेल. ती ओमेगापेक्षा खूप जास्त असेल तर लेझर त्याला उचलूच शकत नाही. हाच रिडबर्ग ब्लॉकेड. त्यावर फाटक (गेट, म्हणजे क्यूबिटांवरची एक तर्कक्रिया) बांधता येईल ही कल्पना २००० मध्ये मांडली गेली आणि २००९ मध्ये विस्कॉन्सिन व पॅरिसजवळच्या अशा दोन गटांनी ब्लॉकेड दोन अणूंवर प्रत्यक्ष दाखवला. ज्या अंतरावर प्रभाव आणि ओमेगा सारखे होतात ती ब्लॉकेडची त्रिज्या. काढायची रीत: सी-६ ला ओमेगाने भागा आणि सहावं मूळ घ्या. कॅल्क्युलेटरवर आधी वर्गमूळ, मग घनमूळ. ओमेगा १ मेगाहर्ट्‌झ असेल तर ९.७६ मायक्रॉन, २.५ असेल तर ८.४. लेझर अडीच पट केला तरी त्रिज्या एवढीशीच बदलली. सहाव्या मुळामुळे त्रिज्या लेझरच्या बारीकसारीक चढउतारांना फारशी दाद देत नाही, आणि आपल्याला मांडणी करायला भक्कम आधार मिळतो.

दोन अणू, सोळा घरं

आता लॅपटॉप उघडा. पायथन, नमपाय आणि सायपाय एवढं पुरतं. कुठलंही तयार पॅकेज अजून घेऊ नका.

दोन अणूंच्या चार अवस्था: ००, ०१, १०, ११. एक म्हणजे रिडबर्गमध्ये उठलेला. चार बाय चारची मॅट्रिक्स अशी भरा. ज्या दोन अवस्थांत फक्त एका अणूचा फरक आहे त्यांच्या घरात ओमेगाचा निम्मा. कर्णावर, जितके अणू उठलेले तितके वजा डेल्टा. डेल्टा म्हणजे लेझरची वारंवारता नेमक्या जागेपासून किती सरकवली आहे ते, डिट्यूनिंग. आणि ११ च्या घरात त्याशिवाय अंतराचा प्रभाव मिळवायचा. बाकी शून्य. मग सगळ्या मॅट्रिक्सला दोन पायने गुणायचं, कारण आपले आकडे मेगाहर्ट्‌झमध्ये आणि वेळ मायक्रोसेकंदात आहे. मॅट्रिक्सला उणे आय आणि वेळेने गुणून तिचा एक्स्पोनेन्शियल घ्या आणि ०० या अवस्थेवर चालवा.

लगेच तीन तपासण्या करा. पहिली: प्रभाव शून्य, डेल्टा शून्य, ओमेगा १, वेळ ०.५. दोन्ही अणू पूर्ण उठले पाहिजेत. नाही उठले तर दोन पाय कुठेतरी राहिला आहे; मुलांच्या कोडमध्ये बहुतेक वेळा तोच राहिलेला असतो. दुसरी: अंतर ५ मायक्रॉन. आता ११ ची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी राहील आणि ०.३५४ मायक्रोसेकंदाला ०१ आणि १० निम्मे-निम्मे येतील. अर्धा भागिले दोनाचं वर्गमूळ, म्हणजे हेच ०.३५४. दोन अणू मिळून एकच उठाव वाटून घेतात आणि तो एकट्या अणूपेक्षा दोनाच्या वर्गमुळाच्या पटीने वेगात होतो. कोणता उठला हे कुणालाच ठरवता येत नाही, दोघं गुंतलेले आहेत. सगळ्या क्वांटम गणनेचा कच्चा माल हाच, आणि तो तुमच्या सोळा घरांच्या मॅट्रिक्समधून निघाला. तिसरी: अंतर ९.७६ ठेवा. इथे प्रभाव आणि ओमेगा सारखे, म्हणून आलेख ओबडधोबड येईल, ना धड अडवलेला ना धड मोकळा. ते चित्र नीट बघून ठेवा. पुढे मांडणी करताना कुठलीही जोडी या पट्ट्यात येऊ द्यायची नाही.

पाच अणूंची रांग

सहा-सहा मायक्रॉनवर पाच अणू एका ओळीत. शेजारी १८.५ मेगाहर्ट्‌झ, एक सोडून दुसरा ०.२९. ओमेगा २.५. अवस्था ३२, मॅट्रिक्स भरायची रीत तीच.

या वेळी लेझर एकाच जोरात ठेवायचा नाही. एकूण ४ मायक्रोसेकंद घ्या. पहिल्या ०.४ मध्ये ओमेगा शून्यावरून २.५ पर्यंत चढवा, शेवटच्या ०.४ मध्ये उतरवा. डेल्टा उणे ४ पासून अधिक ४ पर्यंत हळूहळू सरकवा. डेल्टा उणे असताना सगळे अणू खाली राहणं स्वस्त पडतं. अधिक झाला की जितके उठतील तितकं स्वस्त, पण शेजारी-शेजारी उठणं महाग. अवस्थेला घाई केली नाही तर ती तळाच्या ऊर्जेलाच धरून राहते. वेळेचे ०.०१ मायक्रोसेकंदाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला मॅट्रिक्स नव्याने भरा. शेवटी १०१०१ ठळकपणे वर आलेला दिसेल. आता एकूण वेळ १ मायक्रोसेकंद करा आणि १००१० सारखे तुटके नमुने कसे वाढतात ते पाहा. घाईची किंमत समजायला याहून चांगला प्रयोग नाही.

मग सहावा अणू जोडा. आता तीन उठलेले अणू चार प्रकारे बसतात: १०१०१०, ०१०१०१, १०१००१, १००१०१. चारही उत्तरं येतील, पण सारख्या वाट्याने येणार नाहीत. ०.२९ च्या त्या शेपटाकडे बघून कारण शोधा. हार्वर्डच्या गटाने २०१७ मध्ये ५१ अणूंवर हाच खेळ केला आणि एकाआड एक नमुना उभा केला. तो नमुना अचानक मोकळा सोडला तर अपेक्षेपेक्षा फार जास्त काळ मागे-पुढे डोलत राहिला. त्यातून सिद्धांताची एक नवी शाखाच निघाली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रांगेत शेजारी-शेजारी उठू न शकणाऱ्या अवस्था किती, ते मोजा: एका अणूला २, दोनांना ३, तिघांना ५, चौघांना ८, पाचांना १३. आता मात्रावृत्ताकडे या. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तीन मात्रांच्या रचना ३, चार मात्रांच्या ५, पाचांच्या ८. तीच संख्यामाला. बाराव्या शतकात हेमचंद्राने छंदांचा हिशेब करताना ती लिहून ठेवली, फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथाआधी. लघु-गुरू पाडता येणाऱ्या मराठी मुलाला ब्लॉकेडची अवस्थागणना करता येते, आणि मी ती तशीच शिकवते. याचा व्यवहारात फायदाही आहे. वीस अणूंच्या सगळ्या अवस्था १०,४८,५७६, पण ब्लॉकेड पाळणाऱ्या फक्त १७,७११. तेवढ्याच अवस्था घेऊन मॅट्रिक्स केली तर साधा लॅपटॉप हसतखेळत चालतो. असं काही न करता तीस अणू घ्याल तर नुसती अवस्था साठवायला १६ गिगाबाइट लागतील, आणि चाळीसला त्याच्या हजारपट. खरं यंत्र बांधायचं कारण तिथे आहे.

दिंडोरीची बाग

रांगेतून प्रश्नाकडे वळू. समजा दिंडोरीकडे द्राक्षबागा आहेत आणि डाऊनी-भुरी या रोगांचा अंदाज घेण्यासाठी हवामान यंत्रं बसवायची आहेत. जागा आठ-दहा सुचल्या आहेत, पण ५०० मीटरच्या आत दोन यंत्रं ठेवणं म्हणजे पैसे वाया. जास्तीत जास्त किती यंत्रं बसतील आणि कुठे? गणितात याला कमाल स्वतंत्र संच म्हणतात, आणि अणूंची जाळी हा प्रश्न जवळजवळ जन्मतःच ओळखते: जागा म्हणजे अणू, ५०० मीटर म्हणजे ब्लॉकेडची त्रिज्या, बसवलेलं यंत्र म्हणजे उठलेला अणू.

आलेखावर ६० मीटरला १ मायक्रॉन असं प्रमाण धरा. ५०० मीटर ८.३ मायक्रॉन होतात, आपली त्रिज्या ८.४. अमेझॉन ब्रॅकेट या क्लाउड सेवेवर २०२२ पासून उपलब्ध असलेलं क्वेरा कंपनीचं अक्विला हे यंत्र साधारण ७५ मायक्रॉन बाय ७५ च्या चौकोनात २५६ अणूंपर्यंत घेतं आणि दोन अणूंत किमान ४ मायक्रॉन मागतं. म्हणजे साडेचार किलोमीटरचा चौकोन बसेल, आणि २४० मीटरपेक्षा जवळच्या दोन जागांपैकी एक आधीच गाळावी लागेल.

आता कंपास घेऊन प्रत्येक ठिपक्याभोवती वर्तुळ काढा. ज्या जोड्या ७ मायक्रॉनच्या आत आहेत त्या नक्की अडलेल्या. १० च्या बाहेरच्या मोकळ्या. मधल्या जोड्यांवर लाल खूण करा आणि ठिपका जरासा सरकवा, मात्र कोण कोणाला अडवतं ते बदलू न देता. नकाशा हुबेहूब उतरवण्याचा मोह इथे सोडायला हवा. आपल्याला जपायचे आहेत ते संबंध, मीटर नव्हे. आठ-दहा जागांचं उत्तर तुम्ही हातानेही काढाल, आणि ते काढाच. यंत्राचं उत्तर ताडून बघायला तेच उपयोगी पडतं. आणि एक मर्यादा मोकळेपणाने सांगते: सपाट कागदावर अंतराने ठरणारे प्रश्नच असे थेट बसतात. “अमक्याचं तमक्याशी जमत नाही” अशा कुठल्याही जाळ्यासाठी मध्ये जास्तीचे अणू घालावे लागतात आणि खर्च झपाट्याने वाढतो.

मधला अणू

तीन बाय तीनची जाळी. अंतर ६ ठेवलं तर कर्णावरचं अंतर ८.४९ येतं, नेमकं लाल पट्ट्यात. ५ ठेवलं तर कर्णसुद्धा अडतो. ६.७ ठेवा, म्हणजे कर्ण ९.५ मायक्रॉनवर, पट्ट्याच्या बाहेरच्या कडेजवळ जातो; चौरस जाळीत एवढी तडजोड करावीच लागते. प्रभाव असे: शेजारी ९.५ मेगाहर्ट्‌झ, कर्ण १.१९. आता उत्तर उघड दिसतं, चार कोपरे आणि मधला, एकूण पाच.

पण मधल्या अणूचा हिशेब वेगळा करा. त्याच्या चारही कर्णांवर उठलेले कोपरे आहेत. चार गुणिले १.१९, म्हणजे ४.८ मेगाहर्ट्‌झ त्याला भरावे लागतात. शेवटचा डेल्टा ३ ठेवलात तर तो खालीच राहणं पसंत करेल आणि उत्तर चार येईल, कितीही सावकाश गेलात तरी. म्हणून डेल्टा उणे ८ पासून अधिक ८ पर्यंत न्या. तो ४.८ ओलांडत असताना ओमेगा अजून चालू असला पाहिजे, नाहीतर मधल्याला उठवणार कोण? ४ मायक्रोसेकंदांच्या फेरीत डेल्टा ३.२ च्या सुमारास ती रेघ ओलांडतो आणि ओमेगा ३.६ नंतर उतरायला लागतो, त्यामुळे जमतं. शेवटचा डेल्टा ३, ४.५, ६ आणि ८ असा चारदा घेऊन मधल्या अणूच्या उठण्याचा आलेख काढा.

फाटकांचा मार्ग

आतापर्यंत सगळ्या अणूंवर एकच लेझर मारला. दुसरा मार्ग फाटकांचा. त्यात क्यूबिट रुबिडियमच्या तळपातळीतल्या ६.८ गिगाहर्ट्‌झने वेगळ्या असलेल्या दोन अवस्थांत राहतो, आणि दोन अणूंना क्षणभरच रिडबर्गमध्ये नेऊन फाटक पूर्ण करतात. हार्वर्डच्या गटाने २०२२ मध्ये गुंतलेले अणू चिमट्याने उचलून दुसरीकडे नेले तरी गुंतागुंत टिकते हे दाखवलं, २०२३ मध्ये दोन अणूंच्या फाटकाची अचूकता ९९.५ टक्क्यांवर नेली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ४८ तार्किक क्यूबिटांचं (चुका सावरता याव्यात म्हणून अनेक अणू मिळून बनवलेल्या क्यूबिटांचं) काम प्रसिद्ध केलं. भविष्य याच मार्गावर आहे असं माझं मत आहे. पण शिकताना आधी जाळी, मग फाटकं. दोन अणूंच्या मॅट्रिक्सवर हात बसला असेल तर फाटक समजायला वेळ लागत नाही.

खऱ्या यंत्राकडे जाताना

पास्कल कंपनीचं पल्सर आणि क्वेराचं ब्लोकेड ही दोन्ही मोफत, खुली पॅकेजं आहेत. आपली जाळी त्यांच्यात घाला आणि स्वतःच्या कोडशी उत्तर जुळतं का बघा. राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटींची मंजुरी दिली आहे, आणि थंड अणूंवरचं काम बघायला नाशिककराला फार दूर जावं लागत नाही, पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत ते चालतं. एम.एस्सी.च्या मुलांनी प्रकल्पासाठी तिकडे जरूर विचारावं.

खऱ्या यंत्राचं उत्तर वाचताना एक गोष्ट उलटी असते. शेवटी फोटो काढतात तेव्हा तळपातळीतला अणू चमकतो आणि रिडबर्गमधला चिमट्यातून निघून गेलेला असतो. म्हणजे दिसला तो शून्य, नाहीसा झाला तो एक. त्यामुळे हायड्रोजनच्या धक्क्याने उडालेला अणूही ‘एक’ म्हणून मोजला जातो, आणि फोटोआधीच खाली आलेला रिडबर्ग अणू ‘शून्य’ म्हणून. सरावासाठी पहिली चूक शंभरात १ आणि दुसरी शंभरात ८ धरा आणि आपल्या सिम्युलेशनच्या उत्तरावर ती मुद्दाम घाला. पाच अणूंच्या रांगेत तीन उठलेले आणि दोन खालचे: ०.९२ चा घन गुणिले ०.९९ चा वर्ग, म्हणजे ०.७६. गणना शंभर टक्के बरोबर झाली तरी १०१०१ शंभरात ७६ वेळाच दिसेल. नऊच्या जाळीत पाच उठलेले, चार खालचे, तिथे हाच हिशेब ६३ वर येतो, आणि लेझरचा गोंगाट व अणूंचा ऱ्हास तो आणखी थोडा खाली ओढतो. तुमच्या आकड्याची तुलना नेहमी या ६३ शी करा. पंचावन्न-साठ आलं तर मांडणी बरोबर आहे. वीस-पंचवीस आलं तर आधी मधला अणू किती वेळा उठला ते वेगळं मोजा, तो कमी असेल तर शेवटचा डेल्टा वाढवा, आणि तो ठीक असून कोपरे चुकत असतील तर डेल्टा सरकवायला जास्त वेळ द्या.